खैरुन्निसा आणि बिनहाडाचं मटण

कुवेतमधल्या सलव्यातल्या त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला एका खोक्याचा प्रवेश झाला. ड्रायव्हरने ते ओट्यावर ठेवलं, "यूसुफसाहेबांनी पाठवलंय, शुक्रवारच्या जेवणाचं, धूर द्यायचा म्हणाले," एवढं म्हणून आणि वरची चिठ्ठी वाचून दाखवून तो गेलासुद्धा. दोन वाक्यांची भूमिका करून नट विंगेत जातो आणि पुढचं सगळं नाटक एकट्या मुख्य पात्राच्या अंगावर पडतं, तसं झालं.

मुख्य पात्र म्हणजे खैरुन्निसा. वय एकोणसाठ, गाव दापोली तालुक्यातलं केळशी, उंची बेताची, आवाज मात्र शेवटच्या रांगेत माईकशिवाय पोचणारा. चोवीस वर्षं ती याच घरात स्वयंपाक करत होती. नवरा महबूब तिच्या आधी कुवेतला आलेला. तो शुवैखला एका गॅरेजात गाड्यांचे सायलेन्सर जोडायचा आणि जलीबला पाच जणांच्या खोलीत राहायचा. ही सलव्यात, तो जलीबला. गुरुवारी दुपारी त्याला अर्धी सुट्टी असायची, तेव्हा तो बस बदलत बदलत यायचा, बंगल्याच्या मागच्या अंगणात बसून बायकोच्या हातचं जेवायचा आणि मगरीबच्या, म्हणजे सांजेच्या नमाजाच्या, आत परत जायचा. दोन्ही मुली केळशीला आजोळी वाढल्या, तिथेच त्यांची लग्नं झाली. गावात लोक म्हणत, या दोघांचा संसार म्हणजे गुरुवारचा संसार. खैरुन्निसा म्हणायची, "रोज बघितला असता तर एवढा टिकला नसता."

पहिल्या आठवड्यात तिला अरबी येत नव्हतं आणि घरच्या बाईला, म्हणजे हज्जियाला, दुसरं काही येत नव्हतं. खैरुन्निसाने तांदूळ-मटणाच्या त्यांच्या मच्छूसमध्ये सवयीने वाटलेलं खोबरं घातलं. हज्जियाने न बोलता ताट संपवलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः चालत स्वयंपाकघरात आली, फडताळातून नारळ काढला आणि खैरुन्निसाच्या हातात ठेवला. तिथपासून त्या दोघींचं जमलं. आता हज्जिया पंचाहत्तरीला आलेली, चाकांच्या खुर्चीत असायची, कवळी लावायची आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही.

यूसुफ हा हज्जियाचा एकुलता मुलगा. खैरुन्निसा आली तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि शाळेतून आल्याबरोबर दप्तर स्वयंपाकघरातच टाकायचा. पुढे शिकायला म्हणून अमेरिकेला गेला, तिथेच नोकरी केली आणि या वर्षी परत आला. आल्याबरोबर त्याने वडिलांची बंद पडलेली बैठक पुन्हा सुरू केली. दर शुक्रवारी नमाजानंतर बारा-पंधरा मित्र जेवायला. आणि अमेरिकेतून त्याने एक वेड आणलं होतं, धुरावर भाजलेल्या मांसाचं.

गेल्या शनिवारी तो तिच्याजवळ येऊन अगदी प्रेमाने म्हणाला होता, "खैरिया, तुझे गुडघे दुखतात. एक माणूस आहे, ट्रेलरवर धुराची भट्टी घेऊन येतो. दर शुक्रवारी त्यालाच बोलवू. मग हळूहळू रोजचंही कुणीतरी बघेल. तू आराम कर."

घरात सगळे तिला खैरिया म्हणत. त्याचं तिला काही वाटत नसे. पण आराम हा शब्द तिने याआधी एकदा ऐकला होता. पलीकडच्या बंगल्यात केरळची लीलम्मा होती. तिलाही कुणीतरी असंच प्रेमाने आराम कर म्हणालं. पहिल्या महिन्यात तिला खुर्ची आली, दुसऱ्या महिन्यात नवी बाई आली आणि तिसऱ्या महिन्यात लीलम्मा विमानतळावर उभी होती. रागावून काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं. प्रेमाने काढतात तेव्हा माणूस आभार मानत बाहेर पडतो. खैरुन्निसाला इतक्यात बाहेर पडायचं नव्हतं. हज्जियाला कोण भरवणार, महबूब गुरुवारी कुणाकडे जेवणार, आणि मुख्य म्हणजे सकाळी उठल्यावर ती स्वतः कुठल्या दिशेने चालत जाणार, हे तिला ठाऊक नव्हतं.

म्हणून ती पटकन म्हणून बसली, "धूर ना? धूर मला येतो."

यूसुफ हसला. "खरंच? मग हा शुक्रवार तुझा. जमलं नाही तर पुढच्या शुक्रवारपासून तो ट्रेलरवाला. ठरलं?"

ठरलं. आणि आता ओट्यावर खोकं होतं, त्यावर यूसुफच्या अक्षरात एक चिठ्ठी होती आणि ड्रायव्हरने ती जाता जाता वाचून दाखवली होती. बारा तास, मंद धूर, मध्ये उघडायचं नाही.

खैरुन्निसाने खोकं उघडलं. आत हवा काढलेल्या जाड प्लास्टिकमध्ये पाच तुकडे. प्रत्येक तुकडा तिकोनी, किलो-सव्वा किलोचा, एका अंगाला पांढऱ्या चरबीचा पापुद्रा, दुसरं अंग तुळतुळीत लाल. खोक्यावरचं लेबल बर्फाच्या पाण्याने धुऊन निघालं होतं. तारीख राहिली होती, हलालचा शिक्का राहिला होता, नाव तेवढं गेलं होतं.

मोठ्याचं, म्हणजे बैल-रेड्याचं, मटण तिला नवीन नव्हतं. केळशीत काय, कुवेतमध्ये काय, तिने मणाने रांधलं होतं. पण ते हाडासकट. नळीचं हाड दिसलं की मांडी, चपटं दिसलं की खांदा, बरगडी दिसली की सीना, म्हणजे छाती. मटण ओळखायचं म्हणजे हाडाकडे बघायचं, ही तिच्या आईने शिकवलेली रीत. आणि या पाचांत हाडाची कपचीसुद्धा नव्हती. नाव-गाव न सांगता दारात येऊन उभे राहिलेले पाच पाहुणेच जसे.

तिने साबीरला व्हिडिओ कॉल लावला. साबीर हर्णैचा, तिच्या मावसबहिणीचा मुलगा, इथल्याच एका मोठ्या दुकानात मटणाच्या काउंटरला.

"बघ रे, ह्यो कुठचा भाग?"

"हाड दाखव, खाला."

"हाड नाय."

"मग मी काय त्याच्या डोळ्यांत बघून वळखू?"

"बारा वर्षां मटण कापतोस ना मेल्या?"

"कापतो गो. पण असला माल खोक्यातून येतो आन् खोक्यावर नाव लिवलेला असता. आमी नाव वाचतो, तोंड वळखत नाय." मग त्याला दया आली असावी. "यूसुफशेटलाच इचार ना. त्येनीच धाडलाय."

खैरुन्निसाने फोन ठेवला. यूसुफला विचारणं म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये मास्तरांनाच उत्तर विचारण्यासारखं होतं. तो लगेच म्हणाला असता, राहू दे खैरिया, ट्रेलरवाल्याला सांगतो. तिने पाचही तुकडे फ्रिजमध्ये ठेवले आणि हज्जियासाठी शिरा करायला घेतला. हात शिऱ्यात होते, डोकं फ्रिजमध्ये.

गुरुवारी दुपारी महबूब बसने न येता गॅरेजच्या पिकअपमधून आला. मागे एक पिंप होतं, उभं कापून बिजागऱ्या लावलेलं, आत जाळी बसवलेली. बुधवारी रात्री फोनवर तिने नुसतं "धूर द्यायला काहीतरी आणा" म्हटलं होतं. या माणसाने रातोरात खजुराच्या पाकाचं रिकामं पिंप शोधून, आतून जाळून, घासून, कापून आणलं होतं. महबूब त्रेसष्टचा, काटकुळा, मिशीला वेल्डिंगच्या ठिणग्यांनी दोन ठिकाणी भोकं पडलेली. पिंप अंगणात विटांवर ठेवून त्याने हात झटकले आणि जेवायला बसायच्या बेतात तो खाली वाकला, तोच खैरुन्निसा म्हणाली, "तसेच थांबा."

"काय झाला?"

"हात टेका खाली. बैल व्हा."

"तीस वर्षां दुसरा काय करतोय?"

"इनोद नको. टेका."

महबूब बिचारा अंगणाच्या फरशीवर दोन्ही हात आणि गुडघे टेकून उभा राहिला. खैरुन्निसाने एक तिकोनी तुकडा ताटात घेतला आणि ती नवऱ्याभोवती फिरू लागली. आधी खांदा दाबला. मग छाती. "जनावर बसता तेव्हा पहिला छातीवर भार येता. तिथला मटण जाड दोऱ्यांचा, चिवट. ह्येचे दोरे बघा, बारीक हायत." मग पाठ. "पाठीचा मऊ, पन तो लांबडा निघता, काकडीसारखा. तिकोनी नाय निघत."

तेवढ्यात मागच्या ओसरीचं दार उघडलं आणि हज्जियाची खुर्ची उंबऱ्याशी आली. तिने तो देखावा बराच वेळ पाहिला.

"खैरिया, विकतेस का त्याला?"

"घेतलं कुणी तर विकीन, हज्जिया."

"दात बघू आधी," हज्जिया म्हणाली.

महबूबला अरबी चांगलं कळायचं. त्याने मान वर करून दात दाखवले. हज्जिया इतकी हसली की तिची कवळी सैल झाली.

खैरुन्निसा हसली नाही. तिचा हात महबूबच्या कमरेखाली, मांडीच्या पुढच्या अंगाला येऊन थांबला होता, जिथे पोट संपतं आणि मांडी सुरू होते. "एक पाय उचला. मागचा." त्याने उचलला. "ठेवा. परत उचला." तिच्या बोटांखाली तो कोपरा किंचित हलत होता, पण भार झेलत नव्हता. भार मांडी झेलत होती. हा कोपरा आपला दोघांच्या मध्ये, दोन वाड्यांच्या सीमेवरच्या घरासारखा, अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा.

तिने ताटातला तुकडा उजेडात धरला. एका टोकाकडून मांसाचे दोरे सरळ येत होते आणि मधोमध येऊन वळत होते, वाऱ्याने भाताचं शेत एका बाजूला लवावं तसे. अर्धे दोरे पोटाच्या दिशेने, अर्धे मांडीच्या.

"ह्यो हितला," ती म्हणाली. आवाज अगदी हळू झाला होता. "नाव नाय म्हायत. पन घर मिळाला."

"मी उठू?"

"उठा."

खात्री करायला तिने तुकड्याच्या कडेची एक चकती कापली आणि तव्यावर नुसत्या मिठावर परतली. दोऱ्यांच्या बाजूने कापलेली चकती चामड्यासारखी लागली. मग दोरे आडवे तोडून दुसरी कापली. ती दाताखाली सहज तुटली, मिनिटभराच्या शिजण्यात. महबूबने दोन्ही खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

खैरुन्निसाने मात्र सुरी खाली ठेवली. चिवट मांसाला बारा तास लागतात, ते ती समजू शकत होती. पायांचं सूप तीही रात्रभर मंद आचेवर ठेवायची. पण हे मिनिटभरात शिजणारं. याला बारा तास आगीशी बसवलं तर उरणार काय? चिठ्ठीत एक होतं आणि बोटांत दुसरं.

"ते पुढचा बघू," महबूब म्हणाला. "आधी धूर तरी जमतो का ते बघ. एक तुकडा चाखायला घे."

आणि इथे आमच्या नायिकेने, मंडळी, ती चूक केली जी आपल्याकडची कुठलीही सुगरण डोळे मिटून करील. तिला येणारा धूर म्हणजे धुंगार. पातेल्यात मटणाच्या मधोमध वाटी ठेवायची, वाटीत लाल निखारा, निखाऱ्यावर तुपाची धार, आणि धूर उसळला की झटकन झाकण. वर कणकेची पट्टी लावायची, धुराची एक रेघ बाहेर जाऊ द्यायची नाही. धूर जितका कोंडाल तितका चढेल. तिच्या धुंगाराची कीर्ती केळशीपासून वेळासपर्यंत होती. तेच तिने पिंपात केलं. कोळसे, त्यावर बाभळीसारख्या समरच्या लाकडाचे ढलपे, जाळीवर तुकडा, पिंपाचं झाकण घट्ट, आणि फटींना ओल्या फडक्यांच्या गुंडाळ्या. वाळवंटात तंबू ठोकून राहणारे लोक थंडीत हेच लाकूड जाळतात, बंगल्यात त्याची पोती असायची.

तासाभराने झाकण उघडलं तेव्हा आतून करड्या रंगाचा एक जाड लोट आला आणि सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. तुकडा काळा, चकचकीत, ओलसर. खैरुन्निसाने दोरे आडवे तोडून चकती कापली आणि तोंडात टाकली. जीभ बधिर झाली. कडू, डांबरी, घशाला लागणारं. तिने महबूबच्या हातात दुसरी चकती दिली.

महबूबने चावली. बराच वेळ चावली. "गॅरेजची आठवन झाली," तो म्हणाला.

हज्जियाने हात पुढे केला होता. खैरुन्निसाने ताट मागे घेतलं. चोवीस वर्षांत हज्जियाने मागितलेलं तिने दिलं नाही असं पहिल्यांदाच घडत होतं. ती पिंपाशेजारी विटेवर जाऊन बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. धुरामुळे, असं कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती.

महबूब तिच्यासमोर उकिडवा बसला. बायकोला स्वयंपाकातलं काही सांगण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. त्याने घसा साफ केला.

"खैरू, माज्याकडं गाडी येते. काय म्हनतात? गाडी चढत नाय, काळा धूर, इंजिन गुदमारता. मी काय करतो? इंजिनाला हात नाय लावत. सायलेन्सर खोलतो. आत काजळी कोंडलेली असते. धुराला बाहेर जायाची वाट दिली की आग नीट जळते. आन् आग नीट जळली की धूर पातळ होतो."

"धूर बाहेर गेला तर मटणाला काय राहील?"

"वाटेत भेटून जाईल ना. पाहुना भेटून गेला तर बरा वाटता. चार दिवस कोंडून ठेवला तर तो भांडतो."

खैरुन्निसाने त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं हा माणूस धुरातच उभा होता आणि तिने त्याला कधी धुराबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

"आन् धुंगार?"

"धुंगार पाच मिनटांचा गो. पाच मिनटा कोंडला तर चालता. तासभर नाय."

महबूबने पिकअपमधून पाइप काढला. कोरा, कुठल्याही गाडीला न लागलेला, जस्ताचा हात न फिरवलेला, कारण जस्त तापलं की त्याचा धूर विषारी, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. पिंपाच्या एका टोकाला वर तो बसवला, दुसऱ्या टोकाला खाली बोटभर उघडझाप होणारी खिडकी कापली. कोळसे खिडकीकडे, मटण धुराड्याकडे. मग दोघांनी रिकामं पिंप पेटवून पाहिलं. पहिल्यांदा पांढरा धूर आला. महबूब म्हणाला, थांब. थोड्या वेळाने तो विरळ होत गेला आणि शेवटी पाइपच्या तोंडातून इतकी पातळ निळसर रेघ निघू लागली की नीट बघावं तेव्हाच दिसावी. खैरुन्निसाने त्यात हात धरला आणि हात हुंगला. हाताला लाकडाचा वास होता. नुसता लाकडाचा.

"ह्यो," ती म्हणाली.

महबूब मगरीबच्या आत निघाला. फाटकातून पिकअप बाहेर काढताना त्याने काच खाली केली. "रात्री पेटवनार ना? बारा तास?"

"नाय पेटवनार," खैरुन्निसा म्हणाली, आणि हे आपण ठरवलंय हे तिला ऐकल्यावर कळलं.

चार तुकड्यांना तिने जाडं मीठ, भरडलेली मिरी आणि वाळवलेल्या काळ्या लिंबाची चिमूटभर पूड चोळली, फ्रिजमध्ये ठेवले, रात्रीचा, इशाचा नमाज पढला आणि ती झोपली.

पहाटेच्या नमाजानंतर यूसुफ अंगणात आला. त्याला वाटलं होतं, धूर वळत असेल, खैरिया शाल पांघरून शेजारी बसली असेल. पिंप गार होतं. त्याने झाकण उचललं. आत जाळी आणि दोन पालींखेरीज काही नव्हतं. तो स्वयंपाकघरात आला तेव्हा खैरुन्निसा चहा गाळत होती.

"खैरिया, मांस कुठाय?"

"झोपलंय. मीही झोपले होते."

"रात्रीच लावायचं होतं. जेवायला बारा जण येणार. आता बारा तास कुठून आणू?" तो रागावला नव्हता, घाबरला होता. त्याने खिशातून फोन काढला. "हरकत नाही. चूक माझीच. मी तुझ्यावर टाकायला नको होतं. त्या ट्रेलरवाल्याकडे तयार काही असेल तर बघतो."

"बघ. पण आधी चहा घे. आणि एक सांग, तू दुकानात काय मागितलं होतंस?"

"छातीचं. अमेरिकेत तेच लावतात बारा तास."

"छातीचं नाही पाठवलं त्यांनी."

यूसुफ थांबला. "लेबल?"

"लेबल धुऊन गेलं. हे बघ." तिने एक तुकडा त्याच्यासमोर ठेवला. "तुझ्या अमेरिकेत छातीचं किती मोठं असतं?"

यूसुफने हाताने लांबी दाखवली. हात आपोआप ओट्याच्या निम्म्यापर्यंत गेले. मग त्याने समोरच्या तिकोनी तुकड्याकडे पाहिलं. "कापून पाठवलं असेल," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "तुला कसं कळलं हे कुठलं आहे?"

"महबूबला बैल केला."

ते काय, हे विचारायचं धैर्य त्याला झालं नाही. खैरुन्निसाने कालच्यासारखीच एक चकती आडवी कापली, तव्यावर मिनिटभर परतली आणि बशीत घालून त्याच्यापुढे सरकवली. "छातीचं असेल तर चावत बसशील. पुढच्या नमाजापर्यंत."

यूसुफने चावलं आणि गिळलं. त्याने रिकाम्या बशीकडे पाहिलं, मग फोनकडे.

"किती वेळ लागेल याला?"

"तास, दीड तास. मग दोन मिनिटं थेट निखाऱ्यावर. मग गप्प ठेवायचं थोडा वेळ."

"तू हे कधी केलंयस?"

"कधीच नाही," खैरुन्निसा म्हणाली. खोटं बोलून तिला हा शुक्रवार जिंकायचा नव्हता. "पण हे मांस बारा तासांचं नाही, हे मला माहीत आहे. तुझी चिठ्ठी पाळली असती तर तुझ्या पाहुण्यांना बुटाचा तळ वाढला असता. मग तू म्हणाला असतास, खैरिया थकली."

यूसुफने मान खाली घातली. ट्रेलरवाल्याचा नंबर पडद्यावर तसाच उजळत होता. शेवटी त्याने फोन ओट्यावर पालथा ठेवला. "मी दहा वाजता येतो," तो म्हणाला. "धूर बघायला."

दहा वाजता अंगणात पिंप पेटलं होतं. पांढऱ्या धुराचा अंक संपून निळ्या रेघेचा सुरू झाला तेव्हाच तिने चारही तुकडे जाळीवर ठेवले, चरबीचं अंग वर. यूसुफ खुर्ची घेऊन बसला, हज्जियालाही बाहेर आणलं. जानेवारीचं कोवळं ऊन होतं. दर वीस मिनिटांनी यूसुफ विचारायचा, "उघडायचं?" आणि खैरुन्निसा पाइपकडे बोट करायची. रेघ जाड झाली की ती खिडकी बोटभर उघडायची, फारच पातळ झाली की ढलपी टाकायची. जाळीकडे बघण्याची गरजच तिला वाटत नव्हती. पेटीवाल्याने सूर धरला आहे की नाही हे ऐकू येतं, त्याची बोटं बघावी लागत नाहीत.

पावणेबारा झाले तेव्हा यूसुफ नमाजाला गेला. जाताना त्याने एकदा मागे वळून पाइपकडे पाहिलं.

खैरुन्निसाने झाकण उघडलं. चारही तुकडे गडद तपकिरी, खजुराच्या रंगाचे. बोटाने दाबले. अंगठ्याच्या मुळाशी, मूठ सैल असताना जेवढा मऊपणा असतो तेवढा होता. तिने ते निखाऱ्यावर दोन्ही अंगांनी चरचरू दिले, काढले आणि फडक्याने झाकून ठेवले.

पाहुणे आले, बैठकीत गालिच्यावर बसले. मोठं ताट भाताने भरून गेलं. मांस कापायला यूसुफ स्वतः सुरी घेऊन आला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ कापत जायचा त्याचा बेत दिसला. खैरुन्निसाने त्याच्या हातातून सुरी घेतली.

"इथपर्यंत असं," ती म्हणाली आणि तुकड्याचे मधोमध दोन भाग केले. "इथे दोरे वळतात. इथून पुढे सुरी वळवायची." पातळ, आडव्या चकत्या सुटत गेल्या. कडेला काळसर, मग तपकिरी आणि मधे गुलाबी. सुरीला जोर लावावा लागत नव्हता.

पहिली चकती तिने बाजूला काढली आणि ओसरीवर हज्जियाच्या तोंडात भरवली. यूसुफ ताट उचलून थांबला होता. पंचाहत्तरीची, कवळी लावणारी बाई. चिवट असतं तर इथेच नाटकाला पडदा पडला असता. हज्जियाने डोळे मिटून चावलं, एकदा, दोनदा, तीनदा. गिळलं. मग तोंड उघडून दुसऱ्या घासाची वाट बघत राहिली, पाखराच्या पिल्लासारखी.

यूसुफ ताट घेऊन आत गेला.

स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये एक पडदा होता. खैरुन्निसा त्याच्यामागे उभी राहिली. आधी बोलणी चालू होती, गाड्यांची, फुटबॉलची. मग एकेक आवाज थांबत गेला. बारा माणसं एका खोलीत आणि नुसता ताटावर हात लागल्याचा आवाज. ज्याने कधी पडद्यामागे उभं राहून समोरची शांतता ऐकली आहे त्यालाच ठाऊक की शांतता दोन प्रकारची असते, एक पडलेल्या प्रयोगाची आणि एक रंगलेल्याची, आणि त्यांतला फरक कानाला नाही, पायांना कळतो. खैरुन्निसाचे गुडघे दुखायचे थांबले होते.

कुणीतरी म्हणालं, "यूसुफ, हा ट्रेलरवाला आम्हालाही दे."

"ट्रेलरवाला नाही," यूसुफचा आवाज आला. "घरचं आहे."

तिने फक्त तेवढंच ऐकलं आणि ती भांडी घासायला वळली.

दुपारी पाहुणे गेल्यावर यूसुफ रिकामं ताट घेऊन आत आला. ताट धुऊन ठेवावं तसं स्वच्छ होतं. तो ओट्याला टेकून उभा राहिला.

"खैरिया, मी त्या माणसाला फोन केला होता. आत्ता. नको म्हणून सांगितलं."

खैरुन्निसा घासणी फिरवत राहिली.

"आणि रोजचं दुसरं कुणी बघेल म्हणालो होतो, तेही नको. आई नाही ऐकायची." ताट ओट्यावर ठेवत तो म्हणाला, "मीही नाही ऐकायचो. मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"वाटतंय," खैरुन्निसा म्हणाली. "फक्त भाजी चिरायला एक बाई दे. कांदा बसून चिरते मी, पण वीस किलोची गोणी उचलवत नाही आता. आणि काही ठरवायचं झालं तर आधी मला विचार."

"देतो. विचारीन." तो अंगणाच्या दारात गेला आणि पिंपाकडे बघत राहिला. "उन्हाळ्यात इथे उभं राहता येणार नाही. छप्पर टाकून घेऊ. कुठे टाकू?"

खैरुन्निसाने हात पुसले आणि ती बाहेर आली. उन्हाळ्यात धुळीचा वारा वायव्येकडून येतो, हे चोवीस वर्षांत तिला पाठ झालं होतं. तिने अंगणाच्या चारही कोपऱ्यांकडे पाहिलं, दोन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे चालली, भिंतीच्या आडोशाला एका जागी उभी राहिली आणि चपलेच्या टोकाने फरशीवर रेघ ओढून दाखवली. मग महबूबला फोन लावला, पुढच्या गुरुवारी येताना पिंपाला चार पाय करून आणा म्हणून सांगायला.